जनेलात टांगलेला नंबर

मित्रांनो, कोरगावात रस्त्यावरून काजूच्या बागेकडे वळलात की एक बैठं कौलारू घर लागतं. त्या घराच्या जनेलात, म्हणजे तुमच्या भाषेत खिडकीत, एका खिळ्याला जुन्या लुगड्याच्या कापडाची पिशवी टांगलेली दिसेल. त्या पिशवीत माझा मुक्काम. मी एक जुना, बटनांचा मोबाइल फोन आहे. माझ्या अंगावरचा चारचा आकडा झिजून गेला आहे आणि पाठीचं झाकण रबराने बांधून ठेवलेलं आहे. मला फोटो काढता येत नाहीत, गाणी दाखवता येत नाहीत. पाहुण्यांची मुलं मला हातात घेतात, काचेवर बोट फिरवून बघतात आणि काही हलत नाही म्हटल्यावर नाक मुरडून परत ठेवतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटतं. पण माझ्या पोटात एक नंबर आहे, आणि त्या नंबरापायी दोन घरांचं बोलणं कित्येक वर्षं टिकून राहिलं. त्याचीच ही हकीकत.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुली एका सरकत्या पट्ट्याशी उभ्या असत. एकीने मला पडदा दिला, दुसरीने बटनं बसवली, तिसरीने कानाशी धरून बघितलं आणि मान डोलावली. आयुष्यातली पहिली शाबासकी ती. मग खोक्यात बसून मी गोव्याला आलो आणि म्हापशाच्या बाजारात एका दुकानाच्या काचेत जाऊन बसलो. तिथे मला श्रीनाथने पाहिलं.

श्रीनाथ म्हणजे कोरगावच्या सदाशिवांचा धाकटा मुलगा. डिचोलीकडच्या एका खाणीत गाड्या दुरुस्त करायच्या कामाला तो नुकताच लागला होता. त्याने मला शर्टाच्या खिशात, अगदी छातीशी ठेवलं. खाणीतली लाल माती माझ्या बटनांच्या फटींत गेली ती आजतागायत निघालेली नाही. संध्याकाळी काम सुटलं की तो हात धुवायच्या आधी मला बाहेर काढी आणि नार्व्याला सेजलला फोन लावी. दोघं इतकं बोलत, इतकं बोलत, की माझा कान तापून लाल व्हायची वेळ येई. काय बोलत ते मी सांगणार नाही. फोनच्या जातीला ते शोभत नाही.

मग दोघांचं लग्न झालं. आमच्या गोव्यात अक्षतांच्या आधी नोंदणीच्या कचेरीत जाऊन सह्या कराव्या लागतात. त्या दिवशी मी खिशातच होतो. कारकुनाने वही पुढे सरकवली, दोघांनी सह्या केल्या आणि बाहेर येऊन सोडा प्यायले. त्या सहीने नवरा-बायको एकमेकांच्या मिळकतीत निम्म्या-निम्म्याचे धनी झाले, ही गोष्ट दोघांच्याही डोक्यात शिरली नव्हती. पुढे तीच गोष्ट आमच्या सगळ्यांच्या मागे लागली, म्हणून इथे सांगून ठेवतो.

आणखी एक आठवण सांगतो, तीही पुढे लागणार आहे. त्या काळी घरच्या शेताचं भात अजून अंगणातच मोजलं जाई. म्हातारे सदाशिव पाटावर बसत, पायलीने भात भरून पोत्यात ओतत. पहिलं माप ओतताना ते 'एक' म्हणत नसत. घरात बरकत यावी म्हणून पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायची आमच्याकडची रीत. बाप 'लाभ' म्हणे, आणि पोत्याचं तोंड धरून उभे असलेले दोन्ही मुलगे, मिशा फुटलेले, थोरला तर एका लेकीचा बाप, पुढचे आकडे पाळीपाळीने म्हणत. श्रीनाथ 'दोन' म्हणे, थोरला सगुण 'तीन' म्हणे. लहानपणापासूनची सवय. मध्ये कुणी चुकला की म्हातारा पायली आपटून पुन्हा 'लाभ' म्हणे आणि दोघेही खो-खो हसत. त्या अंगणात मी जेवढं हसू ऐकलं तेवढं पुढे पुष्कळ वर्षं ऐकलं नाही.

खाणी बंद पडल्या. डिचोलीतल्या रस्त्यांवरच्या ट्रकांच्या रांगा गेल्या आणि श्रीनाथच्या हाताचं कामही गेलं. घरात बसून कंटाळला, चिडचिडा झाला. शेवटी एका मित्राच्या ओळखीने त्याला मस्कतला काम मिळालं. निघायच्या दिवशी त्याने मला स्वच्छ पुसलं आणि आपल्या वहिनीच्या, म्हणजे सगुणच्या बायकोच्या, हातात ठेवलं. तिचं नाव तारा.

"वयनी, ह्यो नंबर मरूक देव नको," तो म्हणाला. "बँकेत, पॅनात, सगळीकडे ह्योच दिललो आसा."

"मरता कसो? मी काय मेलंय?" तारावहिनी म्हणाली आणि तिने मला पदराच्या टोकात बांधलं.

त्या दिवसापासून माझी मालकीण बदलली. घरात रेंज म्हणाल तर नावाला नव्हती. तारावहिनी मला घेऊन कुजनात, म्हणजे स्वयंपाकघरात, गेली, माडीवर गेली, तुळशीपाशी गेली, तरी माझ्या पडद्यावर एक काडी उभी राहीना. अखेर पश्चिमेच्या जनेलात दोन काड्या दिसल्या. तिने लगेच खिळा ठोकला, पिशवी शिवली आणि मला त्यात बसवलं. सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन आला की ती आधी पाव घेई, मग मला चार्जिंगला लावी. रिचार्ज संपायच्या आत पेडण्याच्या बाजारातल्या दुकानात जाऊन पैसे भरून येई. देवाला फूल चुकेल, पण मला रिचार्ज चुकायचा नाही. मी मनात म्हणे, म्हातारपण असं जायचं असेल तर काय हरकत आहे?

आता ज्या भांडणामुळे ही गोष्ट घडली ते भांडण सांगतो. सदाशिवांनी डोळे मिटायच्या आधीच वाटणी करून ठेवली होती. घर आणि काजूची बाग सगुणला, रस्त्याकडेच्या दोन खोल्या श्रीनाथला. मोपाला विमानतळाचं काम सुरू झालं आणि त्या खोल्यांना भाव आला. एका ठेकेदाराने त्या भाड्याने घेतल्या. भाडं सगुणच्या हातात येई. तो त्यातून कौलं बदली, गळकी भिंत लिंपून घेई, बापाच्या औषधाला खर्च झाला होता तो फेडी. उरलं तर ठेवून देई. धाकट्याचा पैसा म्हणून एक दमडी त्याने स्वतःसाठी घेतली नाही, हे मी जनेलात बसून रोज पाहत होतो.

तिकडे मस्कतात श्रीनाथ निश्चिंत होता. परदेशात राहतो, तिथला पगार तिथेच, म्हणजे इकडच्या कराशी आपला संबंध संपला, असं त्याला वाटे. पुष्कळांना वाटतं. पण भाडं इथलं होतं. इथल्या मिळकतीवरचा कर इथेच द्यावा लागतो आणि दरसाल विवरणपत्र भरावं लागतं, माणूस जगाच्या कुठल्याही टोकाला राहत असो. बँकेतलं साधं खातंसुद्धा परदेशस्थाचं करून घ्यावं लागतं. हे त्याला कळलं ते आयकर खात्याच्या एका संदेशाने. तो संदेश माझ्यावरच आला. तारावहिनीने अक्षर अक्षर जुळवून फोनवर वाचून दाखवला. तिला इंग्रजी येत नसे, पण अक्षरं ओळखता येत. पलीकडून श्रीनाथने तो तिला पुन्हा पुन्हा वाचायला लावला.

तो पुढच्याच सुट्टीत घाईघाईने आला आणि इथेच घोडं अडलं. अंगणात ठेकेदार उभा होता. त्याच्यादेखत श्रीनाथ थोरल्या भावाला म्हणाला, "दादा, आजपर्यंत किती भाडा इला आणि खय खर्च झाला, ता माका लिवन दी. आणि हेच्यापुढे तेंका सरळ बँकेत घालूक सांग."

सगुण सरळ माणूस. त्याच्या हातातला कोयता खाली पडला. "लिवन दी? तू माका चोर म्हणतस? परक्या माणसासमोर?"

"दादा, तसा नाय रे. कराक लागता."

"कराक! बापाशीन कदी माज्याकडे लिवन मागूक नाय."

श्रीनाथला समजावता आलं नाही आणि सगुणने समजून घेतलं नाही. दोघांच्याही आवाजाची पट्टी चढली. तिसऱ्या दिवशी श्रीनाथ बॅग उचलून नार्व्याला सासरी गेला आणि तिथूनच मस्कतला. त्यानंतर तो सुट्टीवर आला तरी कोरगावची पायरी चढला नाही. सगुणने घरात त्याचं नाव काढणं टाकलं. भाडं बँकेत जायला लागलं आणि दोन भावांमधला शेवटचा शब्दही संपला.

उरलो मी. म्हणजे माझा नंबर.

दर जुलैत विवरणपत्र भरायची वेळ आली की श्रीनाथ फोन करी. तो आपला माझ्यावर येणाऱ्या आकड्यासाठी. सरकारी संगणक आधी खात्री करून घेतो की आत शिरणारा माणूस तोच आहे, आणि त्यासाठी एक आकडा पाठवतो. तो आकडा यायचा माझ्याकडे. मी बोलत असताना माझ्या पोटातला संदेश वाचता येत नाही, म्हणून दोघांनी एक पद्धत बसवली होती. श्रीनाथ आधी फोन करून म्हणे, "वयनी, आता पाठयतंय हां." मग फोन ठेवी. मी टुण्‌ करून वाजे. तारावहिनी आकडा तोंडपाठ करी, आणि पुन्हा फोन आला की घडाघडा म्हणून दाखवी.

एकदा कुणी भामट्याने फोन केला आणि मोठ्या अदबीने आकडा मागितला. तारावहिनी म्हणाली, "आकडो हवो? आधी माज्या देवळाच्या पायरेर येवन घंटा वाजय, मगे देतंय." तो पुन्हा फिरकला नाही. मित्रांनो, ही एक गोष्ट तिच्याकडून शिकून घ्या. असा आकडा घरच्या माणसावाचून कुणाला सांगायचा नसतो.

आकडा सांगून झाला की काम संपे, पण फोन लगेच ठेवला जात नसे. श्रीनाथ विचारी, गाय व्याली का. फणसाला किती फळ धरलं. कुत्र्याचा पाय बरा झाला का. सगळ्यांची चौकशी होई, फक्त एकाचं नाव येत नसे. मग अगदी शेवटी तो म्हणे, "आणि बाकीचे?"

"बाकीचे बरे आसत," तारावहिनी जनेलातून अंगणाकडे बघत म्हणे. "चाय पितत."

अंगणात बाकावर बसलेले 'बाकीचे' कपातला चहा थंड करत बसलेले असत. कान मात्र जनेलाकडे. फोन संपला की सगुण पुटपुटे, "कर भरूचो तेना, आणि आकडे वाचूचे आमी." पण मला चार्जिंगला लावलेलं नसलं की हाच गडी दुसरीकडे बघत विचारी, "ता मशीन मेला काय?" मी मनातल्या मनात हसे. हसता हसता वाईटही वाटे. एका अंगणात वाढलेल्या दोन भावांना एकमेकांची खुशाली कळायला सरकारी आकडा लागावा, हे काय बरं आहे?

पुढे डिचोलीला गौरवी नावाच्या मुलीने कर सल्लागार म्हणून कचेरी थाटली. सेजलच्या माहेरच्या ओळखीतली. श्रीनाथने आपले जुने कागद तिच्याकडे दिले तेव्हा तिने डोक्याला हात लावला. आधीचा सल्लागार गोव्याबाहेरचा होता. त्याने सगळं भाडं एकट्या श्रीनाथच्या नावावर दाखवलं होतं. गोव्यातल्या कायद्याप्रमाणे ज्यांची मिळकत सामाईक असते, त्या नवरा-बायकोचा पगार ज्याचा त्याचा, पण असलं भाडं निम्मं नवऱ्याचं आणि निम्मं बायकोचं धरलं जातं. म्हणजे सेजलचीही नोंद हवी आणि सेजलचंही विवरणपत्र हवं. बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसतं आणि आपल्या माणसाला सह्या केलेल्या आठवत नाहीत. लग्नातल्या त्या सोड्याच्या बाटल्या मला तेव्हा आठवल्या. सेजलसाठी पॅन काढलं, तिचं खातं उघडलं, आणि नंबर? नंबर माझाच दिला. माझी जबाबदारी दुप्पट झाली. मी थोडा फुगलोही, तोऱ्याने.

आणि नेमकं त्याच वर्षी सगळं बिनसलं.

तारावहिनीच्या पोटात दुखू लागलं. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, आणि विश्रांतीसाठी तिला डिचोलीला मुलीकडे, दिपालीकडे, नेऊन ठेवलं. जाताना तिने सगुणला दहा गोष्टी सांगितल्या. गाईला पेंड, तुळशीला पाणी, पोदेराला पाव कमी करायला सांग, आणि फोन चार्जिंगला लाव. सगुणने सगळ्याला मान हलवली. गाईला पेंड मिळाली, तुळशीला पाणी मिळालं. मी पिशवीत राहिलो. पाऊस जनेलातून आत येत होता, पिशवी ओली होत होती, आणि माझ्या अंगातलं बळ थेंबाथेंबाने जात होतं. शेवटच्या क्षणी मला एकच भीती वाटली. मी बंद पडलो की या दोन घरांमध्ये बोलायला काही उरणार नाही. मग पडदा काळा झाला.

किती दिवस तसा पडून होतो, कोण जाणे. डोळा उघडला तेव्हा मी सोप्यावरच्या मेजावर होतो, अंगात वीज शिरत होती, आणि समोर एक चष्मेवाली मुलगी रेनकोट निथळवत उभी होती. ती गौरवी. फोन बंद, मुदत जवळ आलेली, म्हणून बिचारी डिचोलीहून पावसात स्कूटर मारत आली होती. तिने आल्या आल्या आपल्या फोनवरून माझा रिचार्जही करून टाकला होता. सगुण अपराध्यासारखा चहा घेऊन उभा होता.

"तिना सांगितल्यान हुता," तो म्हणाला. "माका आठव रवलो नाय."

"असू दी काका. आज झाला म्हणजे झाला," गौरवी म्हणाली. "फुडल्या आठवड्यात मुदत संपता. नायतर दोघांकय दंड."

"दोघांक? सेजलीक कित्याक?"

मग गौरवीने चहाचे घोट घेत घेत त्याला सगळं समजावलं, निम्म्या-निम्म्याचंही. सगुण ऐकत होता. बोलता बोलता ती सहज म्हणाली, "भायर रवणाऱ्याक तकडच्या पगाराचो हय प्रश्न नाय, काका. पण हयचा भाडा हयच दाखवचा लागता. किती इला, दुरुस्तीक किती गेला, सगळा लिवन मागूचा लागता. माजो बापूस कुवेतात आसा. मी तेच्याकडेसुद्धा मागतंय, आणि तो दर वर्षा माज्यावर खेकसता."

सगुणने बशी मेजावर ठेवली. "बापाशीकडे मागतस?"

"मागूचाच लागता. कायदो बापूस आणि भाव बघना नाय."

मग तो माणूस, ज्याने इतकी वर्षं भावाचं नाव काढलं नव्हतं, धाकट्याचं लाडाचं नाव घेत हलक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे बाबून माका चोर म्हटल्यानच नाय?"

गौरवीला त्या भांडणाची काही कल्पना नव्हती. ती गोंधळली. "चोर? काका, श्रीनाथकाका तर सांगतत, दादान खोलये राखले म्हणान ते उबे आसत."

सगुण उठून जनेलापाशी गेला. पाठमोरा उभा राहिला. थोड्या वेळाने नाक ओढून म्हणाला, "पण हो सगळो खटाटोप कित्याक? मस्कतचो नंबर देवक येना नाय?"

"येता की! परदेशचो नंबर चालता. मी दर वर्षा तेंका सांगतंय, बदलूया. ते म्हणतत, रवांदे, कोरगावचोच रवांदे."

मित्रांनो, मी निर्जीव वस्तू आहे असं लोक म्हणतात. पण ते ऐकलं तेव्हा माझ्या आत काहीतरी भरून आलं. इतकी वर्षं मी समजत होतो की श्रीनाथला माझी गरज आहे. त्याला माझी गरज नव्हती. त्याला वर्षातून एकदा या जनेलातला आवाज ऐकायला एक निमित्त हवं होतं, आणि ते निमित्त तो जपून होता.

एवढ्यात मी वाजलो. मस्कत. फोन सुरू झाल्याचा निरोप गौरवीने तिकडे आधीच देऊन ठेवला होता. सगुणने तिच्याकडे बघितलं आणि मला तिच्यापुढे केलं. "तूच घी गो. तूच वाच."

गौरवी दोन पावलं मागे सरली. "मी नाय वाचूचंय, काका. आकडो घरच्या माणसानच सांगूचो. मी भायरची."

ती आपला लॅपटॉप घेऊन पडवीत जाऊन बसली. सगुणने माझं हिरवं बटन दाबलं.

"वयनी? बरा वाटता मगो तुका?" श्रीनाथचा आवाज.

सगुणने मला कानाशी आणखी दाबून धरलं.

"मी," सगुण म्हणाला.

"दादा?"

"हां. तुजी वयनी दिपालीकडे आसा. बरी आसा. तू आकडो पाठय, मी वाचतंय."

बस्स, एवढंच. फोन ठेवला गेला. मी माझ्या परीने जीव एकवटून रेंज धरली. दोनातली एक काडी पडली, पुन्हा उभी राहिली. आणि टुण्‌! संदेश आला. सगुणने मला हात लांब करून धरलं, डोळे बारीक केले. पुन्हा मस्कतचा फोन आला.

सगुणने घसा साफ केला. आकडा एकने सुरू होत होता. आता उभा जन्म भात मोजलेल्या माणसाच्या तोंडून मोजणीचा पहिला शब्द काय निघणार? त्याच्याही ध्यानात आलं नाही.

"लाभ," तो म्हणाला.

आणि समुद्रापलीकडून लगेच आवाज आला. "दोन!"

"दोन खयचो?" सगुण खेकसला. "आठ आसा थय! गप वाचूक दी!"

आणि मग तो स्वतःच थांबला. काय झालं ते त्याच्या लक्षात आलं. आधी त्याच्या छातीतून एक विचित्र आवाज आला, मला वाटलं खोकला. तो हसत होता. तिकडे श्रीनाथ हसत होता. हसता हसता दोघांपैकी कोण रडायला लागला ते मला सांगता येणार नाही, कारण दोन्ही आवाज माझ्यात एकदमच मिसळले.

"बाबू," सगुण म्हणाला, "तुजे खोलये गळनत नाय रे. मी बघतंय."

"माका म्हायत आसा, दादा."

"मगे घराक कित्याक येणस नाय?"

"तू बोलय नाय हुतस म्हणान."

"बोलवक लागता? सोताच्या घराक?"

पुढे गाय, फणस, कुत्र्याचा पाय, बापाची पायली कुठे ठेवली आहे, सगळं निघालं. पडवीत गौरवी हातावर हात घेऊन बसली होती. शेवटी तिने दारातून डोकं घातलं. "काका, आकडो तेंका सांगितल्यात काय? तेची येळ संपली! दुसरो मागवक होयो."

तो आकडा वाया गेला. माझ्या उभ्या कारकिर्दीत वाया गेलेला तो एकटाच, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. दुसरा मागवला, त्यातही एक होता, तो सगुणने नीट, सरळ, 'एक' म्हणूनच वाचला. मग सेजल फोनवर आली. "दादा, आता माजोय सांगा," ती म्हणाली. तिचाही सांगितला. दोन्ही विवरणपत्रं मुदतीत गेली. गौरवी जायला निघाली तेव्हा सगुणने तिला काजूगर बांधून दिले आणि म्हणाला, "बापाशीक सांग, चेडवार, सोताच्या लेकीवर, खेकसा नको म्हणान."

त्या चतुर्थीला श्रीनाथ आणि सेजल सरळ कोरगावला आले. गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची माटोळी बांधताना दोन भाऊ दोन बाजूंनी दोर धरून उभे होते. तारावहिनी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. मी जनेलातून पाहत होतो.

आता मी थकलो आहे. त्याच पावसाळ्यानंतर माझी बॅटरी फुगली, चारचं बटन दाबलं की पुन्हा वर उठत नाही. गौरवीने शेवटी दोघांच्याही खात्यांवर मस्कतचा नंबर घालून टाकला. श्रीनाथने या वेळी हरकत घेतली नाही. यंदाच्या जुलैत विवरणपत्रं भरायच्या दिवशी संध्याकाळ झाली, माझ्यावर आकडा आला नाही. येणार नव्हताच. मी समजलो, आपलं काम संपलं. आता ही पिशवी, हा खिळा आणि जनेलातला वारा.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमचं कुणी लांब देशात राहत असेल तर त्याला सांगा, इकडच्या नोंदी, इकडची विवरणपत्रं वेळेवर कर, आणि घरच्यांकडे हिशोब मागायचा झाला तर तो का लागतो ते आधी शांतपणे सांग, चार लोकांसमोर नको. आणि तुम्ही घरचे असाल तर मागितलं म्हणून लगेच राग धरू नका. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना अडगळीत टाकण्यापूर्वी आमच्यात कुणाचा आवाज राहतो ते एकदा आठवा. आणि फोन करायला कामाची वाट बघू नका. काम संपतं. नंबर बदलतात.

हां, त्या संध्याकाळचं राहिलंच. आकडा आला नाही, पण दिवेलागणीला मी वाजलो. तारावहिनी उठायच्या आत सगुण अंगणातून चपला न काढता आत आला. हल्ली रोज सकाळी पाव घेतले की तोच मला चार्जिंगला लावतो, कुणी सांगावं लागत नाही. त्याने पिशवीतून मला काढलं, कानाला लावलं. तो आता हॅलो म्हणत नाही.

"लाभ!" तो म्हणाला.

"दोन!" मस्कतहून उत्तर आलं.